चुकीच्या जागी पाडलेलं भोक

आमच्या ह्यांची एक खोड आहे. घरात त्यांना काही विचारलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, काही आपटत नाहीत. नुसते उठतात, चष्मा घेतात आणि जातात. मी मागोमाग जाते, कारण माझं विचारून संपलेलं नसतं. मग ते तिसऱ्या खोलीत जातात. घर तीनच खोल्यांचं, त्यामुळे पुढचा मुक्काम न्हाणीघर. तिथे कडी आहे. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने जितक्या वेळा तोंड धुतलं, तितक्या वेळा कुणी धुतलं नसेल. तेज काही आलेलं नाही.

आणि हा माणूस नोकरी कुठली करत होता ते ऐका. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, चौकशीच्या खिडकीवर. चौतीस वर्षं लोकांनी विचारायचं आणि ह्यांनी सांगायचं, दुसरं काम नाही. लग्नानंतर एकदा डबा विसरून गेले म्हणून मी द्यायला गेले होते. रांगेत उभी राहिले, पुढे घुसणं आपल्या रक्तात नाही. खिडकी म्हणजे काय, काचेला दोन वितींचं भोक, त्यात वाकून बोलायचं. माझ्या पुढे एक बहिरी म्हातारी होती. तिला हे एकच गोष्ट चार वेळा सांगत होते आणि चारही वेळा हसून. माझा नंबर आला. मान वर न करता म्हणाले, "बोला, काय काम आहे?" असा मऊ आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "डबा." ह्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि गप्प झाले. ओळख पटली की गप्प, असा हा प्राणी.

हे सगळं मी गिळून बसले होते. पण सुनेने एक शिक्षण घ्यायला सुरुवात केली, नवरा-बायकोची भांडणं सोडवायचं. आमच्या वेळी हे काम शेजारीण करायची, वर थोडं वाढवूनही द्यायची. सून गुणाची आहे, मी तोंडावर म्हणत नाही एवढंच. तिला अभ्यासासाठी जुनी लग्नं हवी होती. घरातच एक होतं.

"आई, माणसं एकमेकांना कशी धरून असतात त्याचे प्रकार असतात," ती म्हणाली. "काही जणांना जवळचं माणूस जरा लांब गेलं की धास्ती वाटते, ती घट्ट धरतात. काही जणांना कुणी धरलं की गुदमरतं, ती लांब होतात. आणि गंमत म्हणजे ह्या दोघांचीच लग्नं एकमेकांशी होतात."

"मी कुठली?"

तिने पेनाचं टोपण चावलं. "तुम्ही धरणाऱ्या."

"मी घर धरून ठेवलं म्हणून तर तुला यायला घर होतं," मी म्हटलं. ती हसली. ह्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली.

तिने दोघांना चार चार पानं दिली. शेवटचा प्रश्न असा: तुम्ही संसारात किती समाधानी आहात, एक ते दहामध्ये आकडा लिहा. मी दहा लिहिले. विचारसुद्धा केला नाही. माझ्या घरात काही कमी आहे हे मी लेखी देईन, तेही सुनेच्या हातात? मी चौथी शिकलेय, पण इतकी शिकलेली नाही. ह्यांनी मात्र त्या एका आकड्यासाठी वीस मिनिटं घेतली. लिहिलं, घडी घातली, पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं.

"काय लिहिलंत?"

गेले दुसऱ्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर मी तिच्या टेबलाची धूळ पुसत होते. धूळ पुसताना वस्तू उचलाव्या लागतात. ते पाकीट उचललं ते नेमकं खिडकीच्या उजेडात आलं. अक्षर दिसलं नाही, पण आकार दिसला. आकडा नव्हता तो. तीन शब्द होते. दहा लिहायला तीन शब्द लागत नाहीत. एक लिहायलाही लागत नाहीत. तीन शब्दांत माणूस तक्रारच लिहितो.

आणि त्याच दुपारी, महिनाभरात पहिल्यांदा, हे आपणहून बोलले. "बाल्कनीला दार लावून घ्यावं म्हणतो."

"कडीचं?"

"कडीचं."

रडणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी मी दोन किलो कांदे चिरले. भाजी कशाची करायची ते नंतर बघितलं.

चिरता चिरता मी ठरवलं. नवरा कडी लावून बसला असं लोक बोलतील, त्यापेक्षा बायकोने त्याला स्वतंत्र खोली दिली असं बोलू देत. दार ते मागत नव्हते, मी देत होते. तेव्हा दार मी आणणार, सुतार मी बघणार, परवानगीही मीच काढणार. पळायचंच असेल तर नीट दारातून पळा, भारी लाकडाच्या. पण ते तीन शब्द कळल्याशिवाय मी ह्या माणसाला त्या दारामागे बसू देणार नव्हते.

आता ह्या बाल्कनीची गोष्ट अशी की तिला पूर्वी दार होतं. मुलाच्या लग्नात पाहुणे मावेनात म्हणून आम्ही ते काढलं आणि बाल्कनी हॉलमध्ये घेतली. हे मी इमारतीच्या सेक्रेटरीला सांगितलं, तिथेच चुकले.

"वहिनी, तुमच्या बाल्कनीला दार आहे," तो नकाशा पसरून म्हणाला.

"नाही."

"नकाशात आहे."

"नकाशात असेल. घरात नाही."

"काढायची परवानगी घेतली होती?"

"पाहुणे दारात उभे होते हो, परवानगी कुठून घेणार?"

"मग कागदावर ते अजून तिथेच आहे. असलेलं दार बसवायची परवानगी मी कशी देऊ? आधी दार काढायचा अर्ज करा. समिती येऊन बघेल, निघालं म्हणेल. मग बसवायचा अर्ज."

मी अर्ज केला. समितीची तीन माणसं नसलेलं दार निघालं का ते बघायला आली. जिथे दार नव्हतं तिथे एकाने हात फिरवून पाहिला. दुसऱ्याने टेप लावून नसलेल्या दाराची उंची घेतली. तिसऱ्याने चहा घेतला आणि म्हणाला, "भिंतीला धक्का न लावता काढलंय, काम स्वच्छ आहे." दार काढायला मंजुरी मिळाली, शिक्क्यासकट. तो कागद मी कपाटात ठेवला. शिक्का असलेला कागद टाकू नये, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

मग बसवायचा अर्ज. त्यात कारण लिहायची जागा होती.

"वारा," मी म्हटलं.

"वारा खिडकीला चालतो. दाराला नाही," सेक्रेटरी म्हणाला.

"मग लिहा घरगुती."

त्याने लिहिलं आणि नियमाप्रमाणे खाली जिन्याजवळच्या फळ्यावर आठ दिवस लावलं. मी दुसऱ्या दिवशी वाचलं. 'दुसऱ्या मजल्यावरील पती-पत्नी यांच्या घरगुती कारणास्तव घराचा काही भाग वेगळा करण्याबाबत. कोणाची हरकत असल्यास कळवावे.'

एकेचाळीस वर्षं मी ह्या इमारतीत मान वर करून जिना चढले. आता माझ्या संसाराला कुणाची हरकत आहे का, हे फळ्यावर विचारलं होतं.

संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरची आली. तिला मी मनातल्या मनात हरकतवाली म्हणते, कारण तिने खरोखर लेखी हरकत घेतली. "मला बघवत नाही हो. इतकं सोन्यासारखं जोडपं," ती म्हणाली. महिन्यापूर्वी हीच बाई आमच्या भांडणाचा आवाज वर येतो म्हणून सांगायला आली होती. वास्तविक आवाज एकट्या माझा होता. खालच्या मजल्यावरची निवृत्त मास्तरीण म्हणाली, "दार कसलं, भिंतच घाला. मी आमच्यात घातली असती तर आज माझे गुडघे दुखले नसते." गुडघ्यांचा संबंध मला अजून कळलेला नाही. एक जागेचा दलाल आला, बाल्कनीला बाहेरून जिना निघेल का विचारून गेला. आणि परगावाहून बहिणीचा फोन.

"ताई, काय ऐकतेय मी? कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"भाऊजींची."

"अगं, त्यांना एक झेपेना," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र मनात आलं, झेपत नाही असंच तर लिहिलं नसेल? 'झेपत नाही आता.' बोटं मोजून पाहिली. तीन शब्द.

हरकत आली म्हणून समितीने सुनावणी ठेवली. सेक्रेटरीने ह्यांना विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे?" ह्यांनी खिशातून चष्मा काढला. मी ओळखलं, आता हा माणूस उठणार. म्हणून मी म्हटलं, "ह्यांचं म्हणणं मी सांगते." आणि अर्धा तास ह्यांचं म्हणणं सांगितलं. हे माझ्याकडे बघत होते. आपलं म्हणणं काय आहे ते त्यांनाही पहिल्यांदाच कळत असावं. परवानगी मिळाली.

सुतार मी स्वतः निवडला. हात चांगला, पण कान आणि खांद्याच्या मध्ये फोन कायम. दर पंधरा मिनिटांनी बायकोला फोन. तिने उचलला नाही तर ह्याचा रंधा चालेना, उचलला तर दोघांचं भांडण.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही, काकू. ती नीट बोलत नाही."

"कामावर असेल तुझ्यासारखी."

"ते खरं. पण गप्प का राहते? गप्प राहिली की माझं काळीज उडतं."

सून म्हणते ते प्रकार बायकांपुरतेच नाहीत तर. मला त्याची कीव आली, आणि स्वतःची येऊ नये म्हणून मी त्याला म्हटलं, कामाला हात लाव. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "तू फोन कट का केलास?" असं विचारत विचारत त्याने कुलपासाठी पेन्सिलीने खूण केली, आणि "मी कुठे ओरडतोय?" असं ओरडत करवतीने भोक पाडलं. भोक दाराच्या कडेला, टीचभर पडायचं होतं. ते पडलं दाराच्या मधोमध, छातीच्या खाली, चांगलं दोन वितींचं.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"काकू, भोक पडलं."

"पडलं नाही. पाडलंस."

"उद्या फळी ठोकून बुजवतो. दिसणारसुद्धा नाही."

दुसऱ्या जागी त्याने कुलूप बसवलं, आपोआप लागणारं. आतली मूठ बसवायची राहिली होती, तोच बायकोने फोन बंद करून टाकला. सुताराचा चेहरा पडला. "अर्ध्या तासात येतो," म्हणाला आणि किल्ली खिशात घेऊन गेला.

तो गेल्यावर दार नीट मिटतं का बघायला मी आत गेले आणि ओढून घेतलं. खट आवाज झाला. दार फार छान मिटलं.

आत मूठ नाही. बाहेर किल्ली नाही. मुलगा आणि सून कामावर. सुताराचा फोन लागेना. दुपारचा एक वाजला होता.

"कुलूप तोडू का?" हे बाहेरून म्हणाले.

"नव्या दाराला हात लावून बघा," मी म्हटलं.

बाल्कनीच्या खिडकीतून मास्तरीण मला दिसली, म्हणजे मी तिला दिसले. "आत कोंडलं का हो तुम्हाला?" तिने खालून विचारलं. "हवा खातेय," मी म्हटलं. तोवर चार जण जमले. एकाने कुलपात तेल सोडा सांगितलं, एकाने चमचा घाला. वरून हरकतवालीचा आवाज आला, "मी म्हटलं होतं." मी खिडकी लावून घेतली.

आत सुताराचं स्टूल होतं, त्यावर बसले. बसल्यावर ते भोक बरोबर माझ्या तोंडासमोर आलं. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. भोकात ह्यांचा चेहरा आला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि खाली दुमडलेला हात. ह्यांनी घसा साफ केला.

"बोला, काय काम आहे?"

बोलून ते स्वतःच दचकले. मीही. तोच आवाज होता, बहिऱ्या म्हातारीशी बोलतानाचा.

माझ्या लक्षात आलं की हे आता उठून गेले तर मला मागे जाता येणार नाही. एकेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच. माझं काळीज सुतारासारखं उडायला लागलं. पण काम तर होतं.

"पाकिटातले तीन शब्द कुठले?"

"पाकीट बंद होतं."

"उजेड बंद नव्हता."

ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "पुन्हा चौकशी करावी."

"म्हणजे?"

"तेच लिहिलं. पुन्हा चौकशी करावी."

"मी हयातभराचा हिशेब लावला आणि तुम्ही कचेरीतला शेरा मारलात?"

"प्रश्न अपुरा होता," हे शांतपणे म्हणाले. "किती समाधानी, विचारलंय. कुठल्या दिवशी, ते नाही. तू बाहेरून येऊन पिशवी ठेवतेस आणि कोण भेटलं ते सांगतेस, तेव्हाचा आकडा वेगळा. मागे मागे येतेस तेव्हाचा वेगळा. अपुऱ्या अर्जावर आकडा घालता येत नाही. पुन्हा चौकशी करावी म्हणजे काम नाकारलेलं नसतं. माणसाने परत यावं, एवढंच."

इतकी वाक्यं सलग मी ह्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. मला वाटलं संपतील, संपली नाहीत.

"मग दार कशाला हवं होतं?" मी विचारलं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, तेही दोन-तीन. मी जीभ दाताखाली धरली. समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजल्या. सोळा झाल्या, तेव्हा हे बोलले.

"तू विचारतेस. मी उत्तर जुळवतो, तोवर तूच ते देऊन टाकतेस. सुनावणीतसुद्धा दिलंस. मी जुळवायला दुसऱ्या खोलीत जातो, तू तिथे येतेस. वाटलं, एक दार असलं तर उत्तर होईपर्यंत बसता येईल."

"आणि झाल्यावर?"

"बाहेर येऊन सांगेन."

"एकेचाळीस वर्षांची उत्तरं?"

"साठलीत बरीच," हे म्हणाले. मग थोडं पुढे वाकले. "तू मागे का येतेस पण?"

हे मी सुनेच्या चार पानांत लिहिलं नव्हतं. तुम्हालाही सांगितलं नसतं. "माझे वडील असेच गप्प व्हायचे," मी म्हटलं. "गप्प झाले की दुसऱ्या दिवशी घरात नसायचे. आठ दिवस, पंधरा दिवस. आई म्हणायची, तू त्यांच्याकडे लक्ष ठेव. मी पाच वर्षांची. घरातला पुरुष गप्प झाला की माझे पाय आपोआप चालायला लागतात, मी काय करू?"

भोकातला चेहरा चष्म्याकडे वळला नाही. उठला नाही.

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"विचारायचं खातं माझं नव्हतं," हे म्हणाले. "मी उत्तराच्या बाजूला होतो." मग भोकातून त्यांनी हात आत घातला. मनगटापर्यंत आला आणि बाही भोकाच्या खरबरीत कडेत अडकली. मी तो धरला. धरणारीच आहे मी, सून म्हणते ते खोटं नाही. ह्या वेळी तो काढून घेतला गेला नाही, पण त्याचं एक कारण तो अडकला होता हेही असेल. मी फार खोलात गेले नाही.

चार वाजता सुतार आला, बायकोला घेऊन. दोघांचे डोळे सुजलेले आणि दोघंही एकाच पिशवीचा एकेक बंद धरून. त्याने किल्ली लावली, दार उघडलं. मी रुबाबात बाहेर आले, जशी काही तपासणी करून. सुताराने फळी आणि हातोडी घेतली.

"काकू, आता भोक बुजवतो."

"हात लावलास तर बोट बुजवीन," मी म्हटलं. "त्याच्या कडा घासून गुळगुळीत कर. मनगट सोलतं."

मग मी ह्यांच्याकडे वळले. त्यांचा हात खिशाकडे चालला होता, चष्म्यासाठी.

"चष्मा राहू द्या आणि ऐका," मी म्हटलं. "दार राहील, कुलूप राहील, भोकही राहील. रोज चार वाजता मी ह्या खिडकीवर येईन. एक प्रश्न विचारीन आणि तुमचं उत्तर येईपर्यंत तोंड उघडणार नाही, समोरच्या सगळ्या खिडक्या मोजून झाल्या तरी. एक दिवसाआड आत मी बसेन आणि विचारायचं तुम्ही. सुनेला सांगा, माझ्या दहावर काट मारून तिथे तुमचेच तीन शब्द लिहायचे. आणि चारला खिडकी बंद दिसली, तर दार बिजागऱ्यांसकट उखडीन. त्याची परवानगी माझ्या कपाटात आहे, शिक्क्यासकट."